उकार

माझं काम बातम्या लिहायचं नव्हतं.
मी वेलांट्या बघायचो.
बोराबाजारच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री नऊ ते तीन,
लाल रिफिल, फूटपट्टी,
आणि "मंत्र्यांच्या नावात चूक नको" एवढंच बजावून
सिगारेटला जाणारे टिपणीस.

माझगावची इमारत पडली त्या रात्री
अकरा नावं फोनवरून आली,
हॉस्पिटलच्या आवारातल्या नाण्याच्या डब्यावरून,
मागे रडारड, मध्येच लाइन कट.
पान सुटायची वेळ. पेस्टर कटर घेऊन उभा.
सातवं नाव : हसन इब्राहिम दळवी, वय ३४.
शुद्ध होतं.
मी फूटपट्टी खाली सरकवली.

दोन दिवसांनी हसन इब्राहिम दळवी
जिना चढून वर आला.
गोदीतला माणूस. हातात आमचाच अंक, चार घड्या घातलेला.
ओरडला नाही.
म्हणाला, "मेला तो हुसेन. धाकटा माझा.
मला जिवंत नका करू हवं तर,
पण त्याचं मरण त्याच्या नावावर करा.
अम्माला वाचता येत नाही,
शेजारी वाचून दाखवतात,
आणि ती विचारते, मग हुसेन कुठंय?"

एक उकार, एक मात्रा.
मी त्याला पाणी दिलं. त्यानं प्यायलं.

चौथ्या दिवशी, पान पाच,
मूळव्याधीच्या जाहिरातीखाली चौकट :
चुकीची दुरुस्ती. दिलगीर आहोत.
दिलगिरीला तेव्हा जागा लागायची,
सेंटिमीटरनं मोजून,
आणि जाहिरातवाले कुरकुरायचे.

आता पेपर अंधेरीला, काचेच्या इमारतीत.
जुने अंक स्कॅन होऊन चढलेत,
पहिली पानं सगळी.
आतली पानं पुढच्या टप्प्यात, म्हणतात.
टप्पा काही येत नाही.

परवा हसनच्या मुलीचा फोन आला, सुमय्या.
ऑफिसनं माझा नंबर दिला तिला,
जुनं खातं म्हणून.
"अब्बा गेले शाबानमध्ये.
मुलानं आजोबांचं नाव टाकून शोधलं,
तर ते माझ्या जन्माआधीच गेलेले.
तो मला विचारतो, मग तू कोणाची?"
हसली ती. मला जमलं नाही.

गेलो अंधेरीला. गळ्यात पाहुण्याचं कार्ड.
ऋजुता नावाची मुलगी, एका पाळीत तीस बातम्या.
एका बातमीला तीन मथळे सोडायचे,
तासाभरात जो पळेल तो ठेवायचा.
"आणि चूक झाली तर?"
"बदलतो ना, काका. कळतही नाही कुणाला."
वाईट मुलगी नव्हती.
डब्यातली अर्धी पोळी तिनं मला दिली,
स्कॅनचं पान उघडून बराच वेळ बघत बसली.
मग म्हणाली,
"हे चित्र आहे, याला हात नाही लावता येत.
खाली काही लिहावं म्हटलं तर
शीर्षकाला बॉक्स आहे, फोटोला आहे, कीवर्डला आहे.
आम्ही चुकलो, याला बॉक्सच नाहीय."

रात्री सुमय्यानं फोटो पाठवला.
रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सापडलं, म्हणाली.
आमची चौकट. पिवळी पडलेली, कडा कात्रीनं नीट कापलेल्या.
चष्मा लावला. मोठं केलं. आणखी मोठं केलं.

मृताचे नाव हसेन इब्राहिम दळवी असे वाचावे.

हसेन.
दुरुस्ती मीच वाचली होती. लाल रिफिलनं.

आणि ह च्या पायाशी
निळ्या बॉलपेनानं, जरा जोर देऊन,
कुणीतरी उकार काढला होता.

दुसऱ्यांदा तो जिना चढून आला नव्हता.